एकट्याची धाव आणि रिकामे मैदान : 'सॉनिक रोबो ब्लास्ट 2' या चाहतानिर्मित खेळातील बहुखेळाडू प्रकाराची समीक्षा

प्रस्तावना

संगणकीय खेळांचा विचार आपल्याकडील महाविद्यालयीन लेखनात बहुधा दोनच अंगांनी होतो. एक, विद्यार्थ्यांच्या वर्तनावर व अभ्यासावर होणारा त्यांचा परिणाम. आणि दोन, त्या उद्योगाची आर्थिक उलाढाल. परंतु खेळ ही एक रचना आहे, तिला घाट असतो, परंपरा असते आणि त्या घाटाचे गुणदोष नाट्यप्रयोगाच्या वा कादंबरीच्या गुणदोषांप्रमाणे तपासता येतात, ही दृष्टी अद्याप पुरेशी रुजलेली नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका विशिष्ट खेळातील एका विशिष्ट प्रश्नाचा विचार केला आहे.

'सॉनिक रोबो ब्लास्ट 2' हा चाहत्यांनी घडवलेला, विनामूल्य उपलब्ध असलेला, धावण्याउडण्याचा म्हणजे प्लॅटफॉर्म प्रकारचा खेळ आहे. त्यात एकट्याने खेळावयाची विस्तृत मोहीम आहे. त्याचबरोबर इंटरनेटवरून एकाच वेळी 32 खेळाडूंपर्यंत एकत्र खेळता यावे अशी सोयही आहे. निर्मात्यांनी या दुसऱ्या अंगावर थोडेथोडके श्रम घेतलेले नाहीत. तरीही खेळ उतरवून घेणारा सामान्य खेळाडू मोहीम पूर्ण करतो, आवडीची पात्रे घेऊन ती पुन्हा खेळतो आणि बहुखेळाडू प्रकाराच्या दाराशी जाऊन परत फिरतो. जे आत जातात त्यांतलेही अनेकजण एकदोन फेऱ्यांनंतर पुन्हा तिकडे वळत नाहीत. असे का व्हावे?

या प्रश्नाची रूढ उत्तरे ठरलेली आहेत. खेळाडूंची संख्याच कमी आहे. नवखे बुजरे असतात. इंटरनेट मंद असते. या उत्तरांत तथ्य नाही असे नाही, परंतु ती दोष खेळाडूकडे वा परिस्थितीकडे ढकलतात आणि खेळाच्या रचनेला प्रश्न विचारीत नाहीत. या खेळाची मोहीम आणि त्याचा बहुखेळाडू प्रकार ही दोन निरनिराळ्या परंपरांची अपत्ये आहेत, पहिले अंग दुसऱ्याची पूर्वतयारी करून देत नाही आणि या दुराव्याचे मूळ रचनेत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

1. खेळाची घडण

सेगा या जपानी कंपनीने 1991 मध्ये 'सॉनिक द हेजहॉग' हा खेळ प्रसिद्ध केला. निळ्या रंगाचा, वेगाने धावणारा साळुसारखा प्राणी हा त्याचा नायक. वेग हेच त्याचे वैशिष्ट्य होते. उतारावरून घेतलेला वेग पुढच्या चढावर उपयोगी पडावा, त्या वेगाच्या बळावर कमानीतून उलटे फिरता यावे आणि योग्य क्षणी मारलेल्या उडीने वरची वाट सापडावी, असा त्याचा घाट होता. वाटेत विखुरलेल्या सोन्याच्या कड्या, ज्यांना खेळाडू 'रिंग' म्हणतात, गोळा केल्या की नायकाला संरक्षण मिळे. जवळ एक जरी रिंग असली तरी आघाताने मृत्यू येत नसे. मात्र रिंगा विखरून जात.

दुसरी परंपरा अमेरिकेतली आहे. इड सॉफ्टवेअर या संस्थेने डिसेंबर 1993 मध्ये 'डूम' हा नेमबाजीचा खेळ प्रसिद्ध केला. संगणक जोडून चार खेळाडूंनी परस्परांवर गोळीबार करावयाचा 'डेथमॅच' हा प्रकार याच खेळाने रूढ केला. डिसेंबर 1997 मध्ये डूमची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, सर्वांसाठी खुली झाली आणि 1999 मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली. या खुल्या संहितेवरून अनेकांनी सुधारित इंजिने तयार केली. त्यांपैकी 'डूम लेगसी' या इंजिनावर 'सॉनिक रोबो ब्लास्ट 2' उभा आहे.

1998 पासून 'सॉनिक टीम ज्युनिअर' या नावाने काम करणाऱ्या हौशी मंडळींनी हा खेळ घडवीत आणला. 2009 मध्ये 2.0, 2014 मध्ये 2.1 आणि डिसेंबर 2019 मध्ये 2.2 या त्याच्या प्रमुख आवृत्त्या आल्या. येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावयास हवी. मूळ डूममध्ये खेळाडूला उडीच मारता येत नव्हती. ज्या इंजिनाच्या पूर्वजाला उडी ठाऊक नव्हती त्यावर उडीचा खेळ उभारणे, ही या मंडळींची मोठी कामगिरी होय. ग्रीनफ्लॉवर, टेक्नो हिल, डीप सी, कॅसल एगमन, अॅरिड कॅन्यन अशा विभागांतून जाणारी त्यांची मोहीम आज त्रिमितीय सॉनिक खेळांच्या कोणत्याही चर्चेत आदराने उल्लेखली जावी अशा योग्यतेची आहे.

परंतु इंजिनाबरोबर त्याचा वारसाही येतो. डूमकडून या खेळाला परस्परांवर नेम धरण्याची आणि नेटवर्कवर एकत्र खेळण्याची सिद्ध यंत्रणा आयती मिळाली. त्यातून बहुखेळाडू प्रकार आकारास आले: एकमेकांवर रिंगा फेकून मारण्याचा 'मॅच', गटागटाने झेंडा पळवण्याचा 'कॅप्चर द फ्लॅग', आपल्याकडील शिवाशिवी व लपंडाव यांच्याशी नाते सांगणारे दोन प्रकार, शर्यत, आणि सर्वांनी मिळून मोहीम खेळण्याचा सहकारी प्रकार. यादी समृद्ध आहे. प्रश्न असा की, मोहिमेतून बाहेर पडणारा खेळाडू या यादीपाशी कोणती शिदोरी घेऊन येतो?

2. एका मुखवट्यामागचे दोन खेळ

फ्रेंच विचारवंत रोजे काय्वा यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात खेळांचे चार मूलप्रकार सांगितले आहेत: स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवळ. भोवळ म्हणजे झोपाळ्यावर, गरगर फिरताना, वेगात स्वतःला झोकून देताना मिळणारा आनंद. ही विभागणी प्रस्तुत विषयास चांगलीच लागू पडते. सॉनिकच्या मोहिमेचा आनंद मुख्यतः भोवळीचा आहे, आणि त्याला अनुकरणाची, म्हणजे बालपणीच्या आवडत्या पात्राचे रूप घेण्याची, जोड आहे. या आनंदात प्रतिस्पर्धी लागत नाही. भूप्रदेश हाच सोबती आणि तोच विरोधक असतो. खेळाडू चुकला तर पुन्हा त्याच ठिकाणी उभा राहतो आणि त्याच्या चुकीला कोणी साक्षी नसतो.

'मॅच' प्रकार याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो शुद्ध स्पर्धेचा खेळ आहे. त्यात वेगाचा उपयोग नेम चुकविण्यासाठी करावयाचा असतो आणि डोळे वाटेऐवजी दुसऱ्या खेळाडूवर ठेवावे लागतात. रिंगेचाच विचार करू. मोहिमेत रिंग म्हणजे साठवून ठेवावयाचे संरक्षण. खेळाडूने तासन्‌तास तिला जपावयाचे शिकलेले असते. मॅचमध्ये तीच रिंग दारूगोळा होते. ती जपण्यासाठी नसून उधळण्यासाठी असते. स्वयंचलित मारा करणारी, उसळणारी, पसरणारी, स्फोट घडवणारी अशा रिंगांच्या अनेक जाती तेथे आहेत आणि प्रत्येकीचा उपयोग निराळा आहे. चिन्ह तेच राहिले, अर्थ मात्र उलटला. भाषेच्या अभ्यासकाला हे उदाहरण परिचित वाटेल. ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने समोर आला की वाचक अपरिचित शब्दापेक्षाही अधिक अडखळतो.

हातांच्या सवयींचेही तसेच आहे. मोहिमेत कॅमेरा बहुधा नायकाच्या पाठीमागून येतो आणि खेळाडूचे लक्ष दिशा व उडी यांवर असते. मॅचमध्ये माऊसने दृष्टी फिरवीत, एका बाजूला सरकत, दुसऱ्या बाजूला नेम धरावा लागतो. ही नेमबाजीच्या खेळांतील विद्या आहे आणि ती ज्याला अन्य खेळांतून आधीच अवगत आहे त्याला येथे विशेष अडचण येत नाही. पण सॉनिकच्या ओढीने आलेल्या खेळाडूला मोहिमेच्या कोणत्याही विभागाने ही विद्या नीट शिकविलेली नसते. मोहीम पूर्ण करणे म्हणजे खेळात पारंगत होणे, असा त्याचा साहजिक समज असतो. बहुखेळाडू प्रकारातील पहिल्या पाच मिनिटांत तो समज मोडतो, आणि तोही इतरांच्या देखत.

अध्यापकांना ही परिस्थिती परकी वाटू नये. वर्षभर केवळ व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्याला एकाएकी चर्चासत्रात उभे केले तर तो गप्प बसतो. त्याला बुजरा म्हणणे सोपे असते. त्याला बोलावयास कोणी व केव्हा शिकविले, हा खरा प्रश्न असतो.

3. विलंब आणि उडी

दुसरे कारण नेटवर्कच्या रचनेत आहे. ते तांत्रिक असले तरी त्याचा परिणाम थेट आस्वादावर होतो, म्हणून समीक्षकाने ते समजून घेणे आवश्यक आहे.

डूमच्या वारशातील रचना अशी आहे: प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर संपूर्ण खेळ स्वतंत्रपणे चालतो, आणि नेटवर्कवरून मुख्यतः कोणी कोणती कळ दाबली एवढेच कळविले जाते. सर्वांना सारख्याच कळा सारख्याच क्रमाने कळल्या म्हणजे सर्वत्र सारखाच खेळ दिसतो. ही युक्ती 1993 च्या यंत्रांसाठी अत्यंत काटकसरीची होती. पण तिची किंमत अशी की, दूरच्या खेळाडूने उडीची कळ दाबली तरी ती कळ सर्व्हरकडे जाऊन सर्वांच्या कळांबरोबर परत येईपर्यंत त्याच्या स्वतःच्या पडद्यावरचे पात्रही उडत नाही. डिसेंबर 1996 मधील 'क्वेकवर्ल्ड' या खेळाने खेळाडूच्या स्वतःच्या हालचालीचा अंदाज त्याच्याच संगणकावर आधी दाखविण्याची पद्धत आणली. डूमच्या घराण्यातील या शाखेला ती सोय वारशाने मिळाली नाही.

या विलंबाचे मोजमाप करून पाहू. डूमप्रमाणेच या खेळाचे कालचक्रही सेकंदाला 35 टप्प्यांनी चालते. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल आणि खेळाडू मुंबईत, तर अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येण्यास, मार्ग अगदी सरळ मानला तरी, किमान 125 मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षातील वळणे व थांबे धरता 200 मिलिसेकंद ही आशावादी संख्या म्हणावी लागेल. 200 मिलिसेकंद म्हणजे 7 टप्पे. सॉनिकचा धावण्याचा नेहमीचा वेग या खेळाच्या मोजणीत टप्प्याला 36 एकके आहे आणि त्याची उंची 48 एकके. म्हणजे कड्याच्या टोकावर कळ दाबणारा खेळाडू प्रत्यक्ष उडी लागेपर्यंत आपल्या उंचीच्या पाचपटींहून अधिक अंतर पुढे गेलेला असतो, आणि तेथे बहुधा जमीन नसते.

बुद्धिबळात एवढ्या विलंबाने काहीच बिघडत नाही. संथ नेमबाजीत काही प्रमाणात निभावते. परंतु जेथे संपूर्ण सौंदर्य योग्य क्षणाच्या उडीत साठवलेले आहे, त्या खेळात हा विलंब गाभ्यावर घाव घालतो. एकट्याच्या मोहिमेत जे पात्र हाताचे विस्तारित रूप वाटत होते, तेच येथे निरोप्यामार्फत आज्ञा घेणाऱ्या नोकरासारखे वागू लागते. खेळाडू म्हणतो, 'मला जमत नाही'. वास्तविक त्याचे कौशल्य तेच असते. कौशल्य आणि कृती यांच्या मध्ये समुद्र येऊन बसलेला असतो.

4. सहकाराचा अपुरा पूल

यावर कोणी म्हणेल की, स्पर्धेचे प्रकार बाजूला ठेवा. सहकारी प्रकारात तर मोहीमच एकत्र खेळावयाची असते, मग तेथे नवख्याला अडचण कोणती? हा आक्षेप महत्त्वाचा आहे, कारण मोहीम आणि बहुखेळाडू प्रकार यांमधील नैसर्गिक पूल सहकारी प्रकारच व्हावयास हवा होता.

अडचण अशी की, वेगाच्या खेळात 'एकत्र' या शब्दाला अर्थ उरत नाही. अनुभवी खेळाडू विभागाचा कोपरा न् कोपरा पाठ करून बसलेला असतो. तो पाहता पाहता शेवटच्या खुणेपाशी पोहोचतो. नवखा अद्याप पहिल्या वळणावर असतो. मग विभाग केव्हा संपला असे मानावयाचे? एकजण पोहोचला की, निम्मे पोहोचले की, सर्व पोहोचले की? हे ठरविण्याची मुभा यजमानाला आहे, आणि मधल्या थांब्यांची खूण सर्वांसाठी सामायिक करण्याचीही. निर्मात्यांनी अडचण ओळखली होती याची ही साक्ष आहे. परंतु सर्वांची वाट पाहिली तर वेगवान खेळाडू कंटाळतो, आणि न पाहिली तर नवख्याला कोणीतरी ओढून नेल्यासारखे वाटते. दोघे एकाच जागी असतात ते फक्त सुरुवातीला. परस्परांना मदत करण्याचे प्रसंग मोहिमेच्या रचनेत मुळातच थोडे असल्याने सोबती हा बहुतांशी दूरवर दिसणारा एक ठिपका राहतो.

या बाबतीत मूळ मालिकेने 1992 मध्येच एक सुंदर तोडगा दाखविला होता. 'सॉनिक 2' मध्ये दुसरा खेळाडू 'टेल्स' या कोल्ह्याचे पात्र घेऊन सोबत येऊ शकत असे. तो मागे पडला वा पडद्याबाहेर गेला तर उडत परत येई, आणि त्याच्या मृत्यूची कोणतीही किंमत पहिल्या खेळाडूला मोजावी लागत नसे. धाकट्या भावंडाला बिनधोक सामावून घेणारी ही रचना होती. तिच्यात समता नव्हती. दोन खेळाडूंचे अधिकार विषम होते. पण त्या विषमतेमुळेच नवखा आणि जाणता एकत्र नांदू शकत. 'सॉनिक रोबो ब्लास्ट 2' च्या सहकारी प्रकाराने सर्वांना सारखेच स्थान दिले. ही समता वरकरणी न्याय्य आहे, पण तिने नवख्याचा आधार काढून घेतला.

5. रिकामी यादी

आतापर्यंतची कारणे एकेका खेळाडूसंबंधी होती. पुढचे कारण समूहाचे आहे. अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी 1978 मधील आपल्या ग्रंथात निर्णायक संख्येची कल्पना विशद केली आहे. काही कृती अशा असतात की, पुरेशी माणसे त्या करीत असली तरच आणखी माणसे त्यांत सामील होतात. संख्या त्या मर्यादेखाली गेली की उरलेलेही निघून जातात. बहुखेळाडू प्रकार हे याचे अगदी चोख उदाहरण होय.

एकट्याचा खेळ अदृश्य असतो. कोण कोठे मोहीम खेळत आहे याची कोठेही नोंद होत नाही. सामूहिक खेळाची मात्र यादी असते: चालू सर्व्हरांची नावे, प्रत्येकातील खेळाडूंची संख्या, तेथवरचा विलंब. नवख्याने धीर करून ही यादी उघडावी, आणि बहुतेक नावांपुढे शून्य दिसावे. जेथे गर्दी आहे तेथे विलंब अधिक असावा किंवा अपरिचित पात्रे व नकाशे यांच्या पुरवणी फाइली उतरवून घेण्याची वाट पाहावी लागावी. नवखा कुठलीही फेरी न खेळताच निष्कर्ष काढतो की, येथे कोणी येत नाही. त्याच्या या निष्कर्षामुळे यादीतील शून्य आणखी एका दिवसाने लांबते.

स्वतः यजमान व्हावे तर निराळीच अडचण. या खेळाचा सर्व्हर घरून चालवावयाचा तर राऊटरमध्ये 5029 क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्यांसाठी खुले करावे लागू शकते. अनेक इंटरनेट पुरवठादार हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. अशा ग्राहकाला राऊटरशी कितीही खटपट केली तरी दार बाहेरून उघडे करता येत नाही. मोबाइलच्या जोडणीवर तर हे फारच सर्रास आढळते. व्यापारी कंपन्या यासाठी स्वतःचे सर्व्हर चालवितात आणि समबळ खेळाडूंची गाठ घालून देणारी यंत्रणा उभारतात. चाहतानिर्मित खेळाला विक्रीच नसल्याने त्यामागे असा पैसा नसतो.

याचा शेवटचा परिणाम सर्वांत कठोर आहे. जे थोडे उरतात ते वर्षानुवर्षे खेळत असल्याने अत्यंत निपुण होतात. मैदान जितके रिकामे, तितके त्यावर उरलेले खेळाडू कसलेले. आणि ते जितके कसलेले, तितका नवख्याचा पहिला पराभव मोठा. यात कोणाचाही दुष्टपणा नाही. जुन्या मंडळींनी कितीही आपुलकीने स्वागत केले तरी त्यांच्या हातातील सफाई लपत नाही. लहान समूहात समबळ प्रतिस्पर्धी मिळणे हाच दुर्मिळ योग असतो.

6. कार्टचे प्रतिउदाहरण

वरील विवेचन बरोबर असेल तर त्याची एक कसोटी घेता आली पाहिजे. सुदैवाने तशी कसोटी उपलब्ध आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये 'कार्ट क्रू' या हौशी गटाने 'एसआरबी2 कार्ट' हा खेळ प्रसिद्ध केला. तो याच खेळाच्या 2.1 आवृत्तीच्या संहितेवर आधारलेला आहे. इंजिन तेच, नेटवर्कची रचना मूलतः तीच, चाहतावर्ग बव्हंशी तोच, आणि सर्व्हर चालविण्याच्या अडचणीही त्याच. तरीही या खेळाची ओळख प्रथमपासून बहुखेळाडू खेळ म्हणूनच झाली. खेळाडू कमी आहेत, बुजरे आहेत, इंटरनेट मंद आहे, ही तिन्ही उत्तरे येथे लुळी पडतात, कारण ती परिस्थिती दोन्हीकडे समान होती.

बदलली होती ती रचना. गाडीच्या शर्यतीत उडीचा निर्णायक क्षण नाही. वळणाची तयारी आधीपासून करावयाची असते, त्यामुळे विलंब जाणवला तरी त्याला सरावता येते. सर्वजण एका रेषेवरून निघतात आणि एकाच वाटेने जातात, म्हणून 'एकत्र' या शब्दाला अर्थ राहतो. वाटेत मिळणारी साधने खेळाडूच्या क्रमांकाप्रमाणे बदलतात: मागे पडलेल्याला जोरकस मदत मिळते, आणि अग्रभागी असलेल्याचा पाठलाग करणारा बॉम्बही त्यांत आहे. काय्वा यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, येथे भोवळ आणि स्पर्धा यांना दैवाची जोड मिळाली. दैव हा नवख्याचा मित्र असतो. हरल्याचा दोष अंशतः त्याच्यावर टाकता येतो आणि जिंकण्याची आशा शिल्लक राहते. शिवाय या खेळात एकट्यासाठी वेळेचा विक्रम करण्यापलीकडे फारसे काही नव्हते. ज्याला खेळ हवा त्याला इतरांत जावे लागे, आणि तेथे जाऊन जे करावयाचे तेच त्याने एकट्याने गिरविलेले असे. मोहीम आणि मैदान यांत अंतरच नव्हते.

याच गटाने एप्रिल 2024 मध्ये 'डॉ. रोबॉटनिक्स रिंग रेसर्स' हा पुढचा खेळ आणला. त्याच्या आरंभी खेळातील बारकावे समजावून देणारी लांबलचक शिकवणी ठेवलेली होती, आणि तिच्या लांबीवर खेळाडूंनी बरीच टीका केली. यातून एक सावधगिरीचा धडा मिळतो. नवख्याला शिकवणे आवश्यक आहे, पण ते खेळता खेळता शिकवले गेले पाहिजे. दारात बसवून दिलेले पाठ हेही दुसऱ्या प्रकारचे बंद दार ठरू शकते.

7. एकांताचा हक्क

येथे एका मूलभूत आक्षेपाचा विचार करणे न्यायाचे होईल. लोकांना एकट्याने खेळणेच आवडत असेल तर त्यात वाईट काय? चाहतानिर्मित कृतीकडे माणूस स्मरणाच्या ओढीने येतो. बालपणीच्या दुपारी एकट्याने अनुभवलेला वेग त्याला पुन्हा हवा असतो. त्या आठवणीत तिऱ्हाइताला जागा नसते. एकट्याने कादंबरी वाचणाऱ्याला आपण वाचकमंडळात का येत नाही असे दरडावून विचारीत नाही. मग खेळाडूलाच का विचारावे?

हा आक्षेप मान्य करावयास हवा. एकट्याचा खेळ हा अपुरा खेळ नव्हे. परंतु निवड आणि नाइलाज यांत भेद आहे. सर्व दारे उघडी असताना कोणी एकटा राहिला तर ती निवड. पण ज्याला सोबत हवी होती, ज्याने यादी उघडली, एक फेरी खेळली आणि आपल्यात काही कमी आहे अशी समजूत करून जो परत गेला, त्याचा एकांत निवडलेला नाही. हानी दोन्हीकडून होते. खेळाडू सोबतीला मुकतो. आणि ज्यांनी मोबदल्याविना वर्षे घालवून झेंडा पळवण्याची मैदाने रचली, त्यांची कृती अप्रकटच राहते. कादंबरी कपाटात पडून राहिली तरी ती कादंबरी असते. बहुखेळाडू नकाशा मात्र माणसे आल्यावाचून पूर्ण होत नाही. रंगमंचाप्रमाणे तो प्रयोगातच अस्तित्वात येतो.

निष्कर्ष

एकंदर विवेचनावरून असे म्हणता येईल की, 'सॉनिक रोबो ब्लास्ट 2' मधील बहुखेळाडू प्रकाराच्या उपेक्षेचे कारण खेळाडूंच्या स्वभावात शोधणे अप्रस्तुत आहे. मोहीम भोवळीचा आनंद देते आणि मॅच स्पर्धेची विद्या मागतो. या दोहोंच्या मध्ये शिकण्याची जागा नाही. जुन्या नेटवर्क रचनेतील विलंब नेमका उडीवर, म्हणजे खेळाच्या गाभ्यावर, आघात करतो. सहकारी प्रकार पूल होऊ शकला असता, पण वेगाच्या खेळात सर्वांना समान स्थान दिल्याने तो तोकडा पडला. या तिन्हींमुळे घटलेली संख्या मग स्वतःच पुढील घटीचे कारण होते.

उपाय निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. मोहिमेच्या एखाददुसऱ्या विभागात रिंग फेकण्याचा प्रसंग सहजगत्या आणता येईल, म्हणजे मैदानावर पोहोचण्यापूर्वीच त्या चिन्हाचा दुसरा अर्थ परिचित होईल. सहकारी प्रकारात 1992 च्या टेल्ससारखे बिनधोक सोबत्याचे स्थान ठेवता येईल. आणि रोज रिकामी दिसणारी यादी उघडी ठेवण्यापेक्षा आठवड्यातील एक ठरावीक संध्याकाळ सर्वांनी नेमली तर थोडी माणसेही निर्णायक संख्या गाठू शकतील. आठवडी बाजार भरतो तो याच तत्त्वावर. यांपैकी शेवटच्या उपायास तर संहितेची एक ओळही बदलावी लागत नाही.

मोठा उद्योग पैशाच्या बळावर गर्दी विकत घेऊ शकतो. हौशी कृतीला ते शक्य नसते. तिला आपल्या रचनेतूनच माणसांना जवळ आणावे लागते. म्हणून नवख्याची पहिली फेरी कशी जाते, हा अशा कृतीच्या समीक्षेतील मध्यवर्ती प्रश्न मानला पाहिजे.